गावाच्या वाटणीचं दुखणं

माझ्या मोठ्या आईइतकी ठणठणीत बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल, आणि तिच्याइतकी आजारीही नसेल. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सत्तरी उलटली तरी तांदळाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, एकटी सरकवते, शिळ्या भातावर मिरचीचा ठेचा खाते आणि वर ढेकर देते. पण मंगळवार उजाडला की हीच बाई कण्हायला लागायची. कारण मंगळवारी करडी गावापलीकडच्या आमच्या गावात उपकेंद्रावर डॉक्टरीणबाई यायच्या.

सरकारनं खर्चाला कात्री लावली होती. जिथे पेशंट कमी, तिथली डॉक्टरांची फेरी बंद होणार, असं नर्सबाईंनी सांगितलं. ज्यांच्या दारात मोटारसायकल ते भंडाऱ्याच्या खाजगी दवाखान्यात जायचे, आणि मजुरीवाल्या बाया भातरोवणीचा रोज बुडवून बाकावर बसायच्या नाहीत. तेव्हा गावाच्या वाटणीचं आजारी पडायचं काम मोठ्या आईनं अंगावर घेतलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनाही तिनं कामाला लावलं. एक म्हातारी कुरकुरली, "मले तं काहीच होत नाही वो." मोठी आई कडाडली, "न होऊन चालते काय? पोरी रोवण्यावर गेल्या. आपण नाही खोकलायचं तं कोनं खोकलायचं?"

अभिनयात मात्र ती कच्ची. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "आजी, मागच्या वेळी उजवा गुडघा होता ना?" ही डावा गुडघा चोळत म्हणाली, "तो बरा झाला न बाई, तुमच्याच हातगुणानं. मंग याले राग आला." दिलेल्या गोळ्या मात्र ती तिथेच परत करायची, सरकारी माल फुकट जाऊ नये म्हणून.

पुढे चौकशीला एक साहेब आले. "आजी, तुम्हाला नेमकं होतं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. मोठ्या आईनं पदर खोचला. "मले काय होते? ज्याइले होते त्या बांधीत हायेत. या, दाखवतो." बूट हातात घेऊन साहेब भातखाचरांमधल्या अरुंद धुऱ्यावरून तिच्या मागे गेले. चिखलात गावातली एक सून अंगात ताप घेऊन भात रोवत होती. फेरी चालू ठेवायला वर सांगतो, असं साहेब जाताना म्हणाले. तरी पुढे फेरी बंद झालीच. वरच्यांना बिचाऱ्या साहेबांचं ऐकू गेलं नसावं.

गेल्या महिन्यात नर्सबाईंचा मला फोन आला. मोठ्या आईचं बीपी फार वाढलंय, या वेळी खरंच, तिला भंडाऱ्याला न्या. मी रजा टाकून गाडी घेऊन पोचलो, तर गाडीत बसायला तीन बाया दारात तयार. त्यात ती तापाची सूनही होती. मोठी आई मात्र सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली.

"अगं, मी तुला न्यायला आलोय!"

"मले काय धाड भरली? याइले ने."

नसलेली दुखणी गावभर मिरवणारी बाई खरं दुखणं लपवत होती. मी चिडलो, ओरडलो. तिनं सूप खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "मायं दुखणं घरी बसते बापू. याइचं रोवण्यावर जाते."

आता मी दर मंगळवारी गाडी घेऊन गावी जातो. आज पुढची सीट तिचीच, असं ठरवून निघतो. गाडी भरते, आणि ती दारात उभी राहून म्हणते, "पुढच्या खेपेले मी." नर्सबाईंनी दिलेल्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या ती आता परत करत नाही. म्हणूनच मला तिची फार काळजी वाटते.