आजपासून हेडर बंद

अकोल्याच्या जुन्या शहरात इनायतुल्लाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पण साठीच्या पुढची माणसं त्याला दुकानावरून ओळखत नाहीत. ती म्हणतात, "इनायतचा क्रॉस आन् शालिकरामचं डोकं!" चाळीस वर्षांपूर्वी या जोडीनं साऱ्या वऱ्हाडातल्या गोलकीपरांची झोप उडवली होती. इनायतुल्ला उजव्या बाजूनं पळत जाऊन बॉल उचलून टाकायचा आणि शालिकराम उडी मारून तो डोक्यानं जाळ्यात घालायचा. पावसाळ्यात चामड्याचा बॉल पाणी पिऊन दगडासारखा व्हायचा, तरी शालिकराम मागे हटला नाही. सरावात तर तो "अजून टाक, अजून टाक" करत अंधार पडेपर्यंत उभा राहायचा.

पंचावन्नाव्या वर्षी शालिकराम तेलाच्या मिलमधून घरी यायची वाट चुकला. मग बायको गेलेली विसरला, मग सदऱ्याची बटणं लावायची कशी ते विसरला. त्याचा मुलगा किशोर त्याला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा इनायतुल्लाही सोबत होता.

"फुटबॉल खेळायचे ना? डोक्यानं बॉल मारायचे का?" डॉक्टरनं विचारलं.

"डोक्यानंच तर मारत!" किशोर अभिमानानं म्हणाला.

डॉक्टर हसला नाही. "त्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण अशा खेळाडूंना हा आजार जास्त होतो, हे दिसलं आहे. काही देशांत लहान मुलांना हेडर मारायला बंदी केली आहे."

परतीच्या गाडीत शालिकराम खिडकीशी बसून बाहेरच्या तुरीकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर येऊन आदळलेले निम्मे बॉल तरी आपल्या पायातून सुटले होते, हे इनायतुल्लाच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर त्यानं तीसेक लेकरांना गोळा केलं. वीस वर्षं तो तिथं लेकरांना फुकट शिकवत होता.

"आजपासून हेडर बंद. बॉल डोक्यावर आला तर छातीवर घ्यायचा, नाई तर सोडून द्यायचा."

पोरं हसली. किशोरची अकरा वर्षांची लेक आचल तेवढी हसली नाही. आजोबांची उडी तिनं जशीच्या तशी घेतली होती. "सर, कॉर्नर आला तर?"

"खाली येऊ दे, बेटा."

"तोवर गोल होऊन जाते ना!"

आणि तसंच झालं. पुढच्या तिन्ही मॅच ते हरले, समोरच्यांनी डोक्यानं मारलेल्या गोलांवर. इनायतुल्ला लेखी अर्ज घेऊन स्पर्धा भरवणाऱ्यांकडे गेला. लहानांच्या सगळ्याच मॅचमध्ये हेडर बंद करा, एवढंच त्यानं लिहिलं होतं. सेक्रेटरीनं कागद न उलगडताच बाजूला ठेवला. "चाचा, तुमचे पोट्टे हरून राहिले म्हनून साऱ्यायचे नियम बदलू का?"

हळूहळू आईबापांनी मुलं काढली आणि नदीपलीकडच्या दुसऱ्या कोचकडे धाडली. एक दिवस किशोर दुकानात आला.

"चाचा, आचलची ट्रायल हाय अमरावतीले, विभागाच्या टीमसाठी. तिथं हेडर पाह्यतात. मी तिले त्या दुसऱ्या कोचकडं टाकून राहिलो."

"तू बापाकडं पाह्यलं नाई का, किशोर?"

"रोज पाह्यतो. धुतो, पुसतो, भरवतो. बाबाले त्या खेळातून काय भेटलं? चार कप आन् हे दुखनं. पोट्टीले खेळावर सरकारी नोकरी तरी भेटंल."

इनायतुल्लानं हातातली तार खाली ठेवली. "ते बॉल म्या टाकले होते रे."

"तुमी नसते टाकले तर दुसऱ्यानं टाकले असते," किशोर म्हणाला आणि निघून गेला.

ट्रायलच्या दिवशी इनायतुल्ला न बोलावता एसटीनं अमरावतीला गेला. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवर आचल उडाली, तशीच दुसरी मुलगीही उडाली. दोन डोकी एकमेकांवर आपटल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. आचलला बाहेर आणून बाकावर बसवलं. इनायतुल्ला जवळ गेला.

"सर, दोन-दोन दिसून राहिलं," ती हळूच म्हणाली.

तो नव्या कोचकडे धावला. "तिले आता खेळवू नका."

"काका, खेळात लागतंच. तुमी बाजूले व्हा."

इनायतुल्लानं किशोरकडे पाहिलं. किशोर मैदानाकडे पाहत होता. आचलनं डोक्यावर पाणी मारलं आणि ती पुन्हा आत गेली. आणखी दोनदा तिनं बॉल डोक्यावर घेतला. तिचं सिलेक्शन झालं. किशोरनं सगळ्यांना पेढे वाटले.

दिवाळीनंतर तिचं डोकं दुखायचं थांबेना. फळ्यावरची अक्षरं हलायची, उजेड सोसवायचा नाही. टीममधून नाव गेलं, मग शाळाही सुटली. औषधं सुरू आहेत. बरं कधी वाटेल, हे डॉक्टर सांगत नाही. इनायतुल्लाच्या मैदानावर चार मुलं उरली होती, ती उन्हाळ्यात यायची बंद झाली. त्या जागेवर आता नदीपलीकडचा कोच सराव घेतो.

परवा इनायतुल्ला आचलला भेटायला गेला. खिडक्यांना जुनी लुगडी लावून खोलीत अंधार केला होता. आचल भिंतीकडे तोंड करून निजली होती. शेजारच्या खोलीत शालिकराम कोणाशी तरी बोलत होता, तिथं कोणी नव्हतं. आचलची आई भावना चहा घेऊन आली, पण कप तिच्या हातातच राहिला.

"चाचा, तुमाले तर सारं माईत होतं. त्या दिवशी हाताले धरून तिले बाहेर काहून नाई आनलं?"

एकदा इनायतुल्लानं कोचला सांगितलं होतं, एकदा किशोरकडे पाहिलं होतं. आणि मग बाकी सगळ्यांसारखाच कुंपणाला टेकून शिट्टी वाजेपर्यंत मॅच पाहत उभा राहिला होता.