मेंढीकोटातला चौथा
वडिलांचं बायपास नांदेडला झालं. लातूरला परतल्यावर त्यांनी दूधवाल्यालासुद्धा शर्टाची बटणं सोडून टाके दाखवले. नवी कोरी गाडी दाखवावी तशा थाटात. डॉक्टरही खूश होते. "हृदय झकास आहे. थोडं विसरतील. अशा ऑपरेशननंतर होतं कधीकधी. बऱ्याच जणांचं सुधारतं."

आमचं काही सुधारलं नाही.

कॉलनीतल्या मंदिराच्या ओट्यावर चार निवृत्त म्हातारे रोज दुपारी मेंढीकोट खेळत. त्यातले एक वडील, गणिताचे मास्तर. कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं, सगळं त्यांना पाठ. शेवटची पानं पडायच्या आधीच कुणाच्या हातात काय ते सांगून टाकायचे आणि हरणाऱ्यांना वाकून नमस्कार करायचे. ऑपरेशननंतर पहिल्याच डावात त्यांनी विरुद्ध पार्टीच्या एक्क्यावर आपली दश्शी, म्हणजे जिच्यासाठी डाव खेळतात ती मेंढीच, आपल्या हातानं टाकली. हातात त्याच रंगाची दुर्री असताना. त्यांचा भिडू म्हणजे एसटीचा जुना कंडक्टर. तो म्हणाला, "मास्तर, घर लुटवून राहिले का?"

त्यानंतर मात्र वडील रोज जिंकून यायला लागले. मी दारात टाळ्या वाजवून त्यांना आत घ्यायचो. असा पराक्रम बघावा म्हणून एके दिवशी ओट्यावर जाऊन बसलो.

हुकूम बदाम होता. वडिलांनी हुकुमाची दश्शी टाकली. पुढचं पान होतं विरुद्ध पार्टीतल्या तलाठ्याचं. त्यानं त्यावर इस्पिकाची सत्ती टाकली. वडिलांनी तो हात जिंकून पानं उचलली. दोन हातांनंतर त्याच तलाठ्याकडून हुकुमाचा एक्का पडला.

वडील एक्क्याकडे बघत राहिले. "हा मघाशी कुठं व्हता?"

तलाठ्यानं हातातली पानं पालथी ठेवली.

"मला लेकरू समजून राहिले?"

तलाठी म्हणाला, "मास्तर, खरं खेळलो तर तुम्हाला लई वाईट वाटंल."

"आन् हे चांगलं वाटून राहिलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सगळे खरं खेळले. वडील सगळे डाव हरले. कंडक्टरनं एकही टोमणा मारला नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतला एक जण चौथा म्हणून बसला. मास्तरांना आराम पाहिजे, असं ठरलं म्हणे.

वडील अजूनही जातात. कंडक्टरच्या मागं खुर्ची टाकून बसतात. काल मी त्यांना आणायला गेलो, तेव्हा पानं वाटताना त्यांनी हात पुढं केला. वाटणाऱ्यानं त्यांना वगळून पुढच्याला पान दिलं.

घरी येताना त्यांनी विचारलं, "आज किती मेंढ्या धरल्या आपण?"

"आज तुम्ही खेळला नाहीत, दादा."

"का?"