घासलेली पाच, न घासलेले एक

माझ्या मामांनी जन्मभर लोकांची घड्याळे दुरुस्त केली आणि उरलेल्या वेळात दोन महायुद्धांमधल्या काळातील जर्मन चांदीची नाणी जमवली. तिथल्या राज्यघटनेला दहा वर्षे झाली तेव्हा निघालेले, शपथेचा उंचावलेला हात असलेले तीन मार्कांचे नाणे सहा टाकसाळींत पाडले गेले; नाण्यावर उमटवलेले प्रत्येकीचे अक्षर निराळे. ही सहा अक्षरे मिळवण्यात मामांची एकोणीस वर्षे गेली. चांदीवर चढलेली करडी-निळी झाक त्यांच्या लेखी नाण्याचे वय होते. मामा नाणे फक्त कडेने उचलत आणि बोलायचे झाल्यास, त्यावर थुंकी उडू नये म्हणून, तोंड फिरवून बोलत.

संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात हा पूर्ण संच मांडला जावा, एवढीच त्यांची हौस. मंडळाचा नियमही एकच: घासलेले नाणे बाद.

प्रदर्शनाच्या सकाळी मामा दुकानात असताना त्यांच्या जावयाने पेटी उघडली. दंतमंजन, लिंबू आणि जुना ब्रश! हे गृहस्थ उच्चशिक्षित म्हणवतात, याची मला शिसारी येते.

"बाबा, बघा! कळकट झाली होती सगळी, चकाचक केली."

"चहासुद्धा घेतला नाही यांनी," लेक कौतुकाने म्हणाली.

दुकानातून नुकत्याच परतलेल्या मामांनी एक नाणे कडेने उचलून पाहिले. उंचावलेल्या हाताची बोटे झिजून एक झाली होती.

"हात दुखले असतील हो तुमचे, जावईबापू."

"माझ्या हातून बशी फुटली तर आठ दिवस ऐकवता!" मामी उसळल्या. "आता दातखीळ बसली का?"

"चहा टाक त्यांना."

या सौजन्याचीही मला तितकीच किळस आली.

सहावे नाणे तेवढे बचावले. भिंगाखाली पाहण्यासाठी मामांनी ते दुकानात नेले होते. संध्याकाळी पेटी मिरवत जावईच पुढे चालले. परीक्षकांनी पाचही नाणी बाजूला सारली. मामांनी खिशातून सहावे काढून दिले, तेव्हा मात्र परीक्षक भिंग डोळ्यावरून काढीनात.

"सुरेख! हे एकटं मांडू?"

"भावंडं बाहेर ठेवून? नको."

तेवढ्यात जावई वाकले. "अरेच्चा, हे एक राहिलंच की! द्या बाबा, दोन मिनिटांचं काम."

मामांनी नाणे खिशात टाकले आणि वरून हात दाबून धरला. "नाही. हे असंच राहील."

जावयाला नकार देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. माझी मान ताठ झाली, तोच, अंगावर काटा यावा इतक्या मऊ आवाजात, त्यांनी पुस्ती जोडली, "रागावू नका हं."