महिन्यातले दोन रविवार

नगर शहरात आणि आसपास पाहण्यासारखं जे जे आहे, ते सगळं वाल्मिकनं आपल्या लेकीला दाखवून संपवलं होतं. रणगाड्यांचं संग्रहालय तर तीनदा झालं. तिसऱ्या वेळी संस्कृती एका रणगाड्यासमोर उभी राहून अगदी समजूतदारपणे म्हणाली, "पप्पा, हा मी पाहिलाय. तो पलीकडचा पण पाहिलाय. आपण नुसतं बसू या का?"

मग दोघं झाडाखाली बसली. काय बोलावं हे वाल्मिकला सुचेना. शाळा कशी चाललीय, हे त्यानं सकाळीच विचारून घेतलं होतं.

कोर्टानं त्याला महिन्यातले दोन रविवार दिले होते. सकाळी सावेडीत सासऱ्यांच्या दारातून पोरीला घ्यायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत आणून सोडायचं. तो स्वतः नागापूरला एमआयडीसीजवळ एका खोलीत राहायचा. पत्र्याची खोली, खाली गॅरेज. तिथं नऊ वर्षांच्या पोरीला दिवसभर कुठं बसवणार? म्हणून फिरायला न्यायचं. नगर म्हणजे निजामशाहीची राजधानी होती म्हणे, तेव्हा बापाला लेकीसोबत घालवायला चार रविवार तरी पुरवील, असं त्याला वाटलं होतं. चार पुरवले. नंतर तोच किल्ला, तोच खंदक, दरवाजावरच्या लष्करी जवानाला तेच ओळखपत्र दाखवणं. फराहबाग महालात कोरड्या हौदाच्या काठानं चालत दोन फेऱ्या मारायच्या आणि भेळ खायची. डोंगरगणला माकडांनी संस्कृतीच्या हातातला खाऊ पळवला, तेव्हा ती खळखळून हसली होती. तो रविवार वाल्मिकनं पुढं कितीतरी दिवस मनात जपून वापरला.

तिथं येणारी दुसरी कुटुंबं तो निरखून बघायचा. ती माणसं महालाकडं, तोफांकडं फारसं बघायचीच नाहीत. चटई अंथरायची, डबे उघडायचे, पोरांवर ओरडायचं, बाप आडवा व्हायचा, आई पुऱ्या वाटायची. निघताना मागं एखादी चप्पल राहिली म्हणून पुन्हा आरडाओरडा. त्यालाच फिरायला जाणं म्हणतात, हे वाल्मिकच्या उशिरा लक्षात आलं. या बाप-लेकीत ओरडणारं कुणी नव्हतं. संस्कृती त्याच्याबरोबर फार शहाण्यासारखी वागायची. पाहुण्यांकडं गेल्यावर पोरं वागतात तशी.

वाल्मिक पाथर्डीकडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि नगरवरून पश्चिमेकडच्या कारखान्यावर जायचं. डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसायला लागला की लहानगा वाल्मिक ट्रकच्या फाळक्याला धरून उभा राहायचा. ट्रक तिथं कधी थांबला नाही. त्यातूनच तो शिकला, आयटीआय केलं, नागापूरच्या कारखान्यात मशिनवर लागला. अश्विनीशी लग्न झालं. ती सावेडीची, एका दवाखान्यात नर्स. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पण वाल्मिकच्या तोंडातून शब्द निघायचा नाही आणि निघाला की धारेवर धरणारा निघायचा. एका संध्याकाळी भाजीवरून की कशावरून तरी त्यानं ताट भिरकावलं. ते संस्कृतीच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आदळलं. पोरगी रडली नाही. तिनं फक्त दोन्ही हातांनी कान झाकले. अश्विनीनं त्याच पावली तिला उचललं आणि माहेर गाठलं. पुढं तो किती वेळा तिथं जाऊन हात जोडून आला, त्याला सुमार नाही. अश्विनीचं एकच म्हणणं होतं, "तुमचा नेम चुकला म्हणून पोरगी वाचली. नाहीतर?" आपण पोरीच्या दिशेनं नेम धरलाच नव्हता, हे सांगूनही काही उपयोग नव्हता.

यंदा उन्हाळ्यात संस्कृतीनंच त्याला बातमी दिली. "पप्पा, आम्ही नाशिकला राहायला चाललोय. मम्मीला तिथं मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. माझी शाळा पण तिथंच."

वकिलाला विचारलं तर त्यालाही ठाऊक होतं. आता महिन्यातून एकदाच, तेही नाशिकला जाऊन, काही तास. वाल्मिकनं फोन ठेवला आणि मशिनवर उभा राहिला. हातातलं काम दोनदा बिघडलं. सुपरवायझर म्हणाला, "बरं नाही का? घरी जा." घरी म्हणजे कुठं, हे त्याला विचारावंसं वाटलं.

जायच्या आधीचा शेवटचा रविवार आला. वाल्मिक तिला चांदबिबीच्या महालावर घेऊन गेला. मे महिन्याचं ऊन. वर दगडी कमानींतून मात्र वारा भणाणत होता. खाली सगळं नगर धुरकट पसरलेलं. एका कुटुंबानं त्याच्याकडून आपला फोटो काढून घेतला. त्यातली बाई म्हणाली, "द्या तुमचा मोबाईल, तुमचाही काढते." दोघं कमानीत उभी राहिली. "अहो, जवळ या की! बाप-लेक ना तुम्ही?" बाई हसून म्हणाली. वाल्मिक सरकला. संस्कृती सरकली नाही. फोटोत दोघांच्या मधून पाठीमागचं शहर दिसत होतं.

"पप्पा, आता निघायचं का?" ती म्हणाली. "पाचला मम्मी वाट बघते. आम्हाला सामान बांधायचंय."

दुपार अजून कलायचीच होती.

डोंगर उतरून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. डाव्या-उजव्याचा विचार वाल्मिकनं केलाच नाही. नगरकडं वळायचं हँडल पाथर्डीकडं वळलं. खिशात मोबाईल वाजला, तो त्यानं चालत्या गाडीवर चाचपून बंद केला. आईकडं नेऊ. भीमाबाईनं नातीला दोन वर्षांत पाहिलं नाही. दोन दिवस ठेवू. मग बघू. त्या 'मग बघू'च्या पुढं डोक्यात नुसता वारा घोंगावत होता.

"पप्पा, नगर मागे राहिलं."

"आज्जीकडं चाललोय बाळा."

"मम्मीला सांगितलंय?"

"हो."

"मग मला फोन लावून द्या."

"रेंज नाही इथं."

इतका वेळ तिनं मागून त्याचा शर्ट धरला होता. ती पकड सुटली. तिनं आता मागची लोखंडी दांडी धरली असणार, हे त्याला न बघता कळलं. त्यानं वेग वाढवला. करंजी घाटाची वळणं आली, एक ट्रक अंगावर आला, तो कसाबसा बाजूला झाला. पोरीनं साधं 'आई गं' सुद्धा म्हटलं नाही.

घाट उतरल्यावर ती बारीक आवाजात म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं हॉटेल होतं. लंकाबाई नावाची एक थोराड बाई भजी तळत होती. तिनं झारा खाली ठेवला आणि पोरीला मागच्या बाजूला घेऊन गेली. वाल्मिक बाकड्यावर टेकला. चहा आला, त्यावर साय धरली, तरी पोरगी येईना. आली ती लंकाबाई, एकटीच. हातात स्वतःचा मोबाईल.

"काय रं, कोन हाय ही पोर तुजी?"

"लेक हाय माझी."

"मंग ती आईला फोन लावा म्हनून माज्या पाया का पडती? नंबर तोंडपाठ हाय तिला. आई तिकडं रडती हाय नुसती."

बाकड्यांवरची माणसं उठली. कुणीतरी गाडीची चावी काढून घेतली. एकानं वाल्मिकची कॉलर धरली. "पोरं पळवतो व्हय रं?"

"आवो, बाप हाय मी तिचा! आईशप्पथ!" इतक्या वर्षांची शहरातली बोली क्षणात गळून पडली.

"धरल्यावर समदेच बाप असत्यात," म्हणत एकानं त्याच्या मुस्काटात भडकावली. दुसरा हात उगारला गेला, तोच मागून किंचाळी आली.

"मारू नका! पप्पा आहेत माझे! खरंच पप्पा आहेत!"

लंकाबाईच्या पदराआडून संस्कृती बाहेर आली होती. माणसांचे हात खाली आले. वाल्मिकनं तिच्याकडं बघून एक पाऊल टाकलं. ती मागं सरली. "पण मला मम्मीकडं जायचंय," ती म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला.

वाल्मिक जागच्या जागी मातीत बसला. लंकाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिचा आवाज आता उतरला होता. "आरं बाबा, पोरगी लटलटा कापती हाय. तुला दिसलं न्हाई का?"

नव्हतं दिसलं. ती सगळा वेळ त्याच्या पाठीमागं होती.

त्यानं लंकाबाईचाच फोन मागून घेतला. पलीकडं अश्विनीचा श्वास लागलेला होता. तो म्हणाला, "करंजी घाट उतरला की उजव्या हाताला हॉटेल आहे. पोरगी बरी आहे. येऊन घेऊन जा. मी इथंच बसतो."

अश्विनी आणि तिचा भाऊ रविराज गाडी घेऊन येईपर्यंत संस्कृती लंकाबाईजवळ बसून होती आणि वाल्मिक समोरच्या बाभळीखाली. मध्ये रस्त्याएवढं अंतर. अश्विनी आली, पण ओरडली नाही. तिनं आधी पोरीचे हात, मान, तोंड चाचपून पाहिलं, दवाखान्यात पेशंटला बघतात तसं. वाल्मिकला ती मुस्काटात बसलेली परवडली, हे बघवेना. रविराज काहीतरी बोलत होता, पोलीस, कोर्ट. अश्विनी फक्त एवढंच म्हणाली, "ती तुमच्याबरोबर यायला नको म्हणायची. मीच समजूत घालून पाठवत होते."

गाडी नगरकडं निघून गेली, तेव्हा पाच वाजायला अवकाश होता.

चावी परत मिळाली. नगरला जायची छाती होईना, म्हणून तो गावाकडं गेला. भीमाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. गुडघे गेल्यापासून तिचं गाव सोडणं बंद झालं होतं. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. म्हातारी बराच वेळ त्याच्या सुजलेल्या गालाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "घाटापातुर आली हुती माजी नात. इतक्या जवळ. आन् मला न्हाई दावलीस." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

तक्रार झाली. वकील म्हणाला, तुमची आई अत्यवस्थ होती म्हणून नेलं असं कोर्टात सांगू. वाल्मिक म्हणाला, "नको. पोरगी तिथं बसलेली असेल. तिच्यादेखत आणखी खोटं नको." न्यायाधीश साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यानं जसं घडलं तसं सांगितलं. बाहेर फिरायला नेण्याची परवानगी गेली. आता महिन्यातून एकदा, नाशिकच्या कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, तिथल्या बाईंच्या नजरेसमोर, एक तास.

त्या खोलीच्या भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेत. मोठी माणसं प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. आजूबाजूला आणखी दोन-तीन बाप असतात. कुणी कुणाकडं बघत नाही. वाल्मिक पहाटेची एसटी धरून येतो आणि दार उघडायच्या आधीपासून व्हरांड्यात उभा असतो.

परवा संस्कृती चित्र रंगवत होती. निळ्या रंगाचं पाणी, काठाला माणसं.

"हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"गंगापूर धरण. मामानं नेलं होतं आम्हाला. आज्जी-आजोबा पण आले होते. मम्मीनं पुऱ्या केल्या होत्या. मामाची चप्पल पाण्यात वाहून गेली, सगळे इतके ओरडत होते ना!" बोलता बोलता तिला हसू फुटलं. मग एकदम तिला काहीतरी आठवलं असावं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

"सांग की पुढं," वाल्मिक म्हणाला. "मग काय झालं चपलेचं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि खाली मान घालून पाण्याला निळा रंग देत राहिली.