चिताऱ्याच्या मयताचं पत्र

बाई दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर रागवायच्या. भुकूमला आमच्या वरच्या खोलीत त्या भाड्याने राहायच्या. मी खाली भाकऱ्या थापत असले, की वरून आवाज यायचा, "अरे मेल्या, तो नदी मागतोय आणि तू जंगल काय रंगवतोस!" आधी मला वाटायचं, फोनवर कुणाला तरी झापताहेत.

मेला म्हणजे एक चितारी, नाटकांचे पडदे रंगवणारा. नदी मागणारा त्याचा दोस्त; तो नाटकं लिहायचा. दोघांची मोडीतली पत्रं बाई भिंग लावून देवनागरीत उतरवायच्या. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलंच नाही. संध्याकाळी चहाला खाली आल्या, की डोळे चोळत म्हणायच्या, "दमले गं. पानभर भांडतात, आणि शेवटी लिहितात, लोभ असावा."

चिताऱ्याची पत्रं एकदम थांबत होती. शेवटच्या पत्रात गुडघे धरलेत, निळा रंग मिळत नाही, एवढंच. तो गेल्याचं कुणीतरी नाटककाराला कळवलंच असणार. बाईंना ते पत्र हवं होतं. त्यासाठी नाटककाराच्या वंशजांची घरं त्या पालथी घालत. मारुंजीला बसने गेल्या, तर घर पाडून तिथे सोसायटी उभी आणि कागद भंगारात. परत येऊन पायरीवरच बसल्या. मला दयाही आली आणि रागही. काय हे, या वयात!

सासूबाई तोंडाच्या फटकळ. "बाई, कशापायी तंगडतोड करताय? मयताचं पत्र कुणी घरात ठेवतं व्हय? वाचलं की फाडायचं आन् आंगुळ करायची."

"ठाऊक आहे हो मला," बाई म्हणाल्या. "पण एवढी दोस्ती होती. फाडायला नसेल चालला त्याचा हात."

पत्र मिळालं नाहीच. पुढे तब्येत ढासळली, तेव्हा भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. रिक्षात बसताना म्हणाल्या, "फाडलंच असेल गं त्याने. रीतीचा माणूस होता." त्यांचा चेहरा असा उतरला होता, की मला बघवेना.

परवा भाचीचं पत्र आलं. हल्ली पत्र कोण पाठवतं? पाकीट दारातच उघडलं, तर बाई गेल्याचं. बाईंनीच बजावून ठेवलं होतं म्हणे, मी गेल्यावर भुकूमला फोन करू नकोस, पत्र टाक.

"वाचलंस न्हवं? फाड आता," सासूबाई म्हणाल्या.

मी आंघोळ केली. रीत तेवढीच पाळली. बाई, नाही चालला हो माझा हात.