आधी सांगा, काय यायला पायजे

एंटरच्या बटणावर त्या सरळ पंजा ठेवायच्या. आपण प्रोग्रॅम चालवायला बोट उचललेलं असायचं आणि तेवढ्यात मागून त्यांचा हात यायचा.

"थांबा सर. आधी सांगा, काय यायला पायजे?"

"चालवून बघू ना ताई. कळेलच."

"तसं न्हाई. चालवल्यावर जे येईल ते बगून तुमी म्हनताल, हाव, हेच पायजे होतं. आधी सांगा."

नांदेडात आमची दोन खोल्यांची कंपनी. आम्ही सहा इंजिनिअर चुका करायला आणि त्या शोधायला या एकट्या. सगळे त्यांना ताई म्हणत, वयानं मोठे असलेले आमचे साहेबसुद्धा. माहेर देवणीचं, सासर मुदखेडचं. रेल्वेत असलेला नवरा लवकर गेला, तेव्हापासून सकाळच्या गाडीनं मुदखेडहून नांदेडला यायच्या. आल्या होत्या डेटा एंट्रीला. मग एक इंजिनिअर पुण्याला निघून गेला आणि त्याचं अर्धवट तपासणीचं काम यांच्या गळ्यात पडलं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी सगळं स्वतः वाचून काढलं, आणि वर्षभरात आम्ही त्यांना घाबरायला लागलो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काळ्या पडद्यावर आपण हुकूम टाइप करतो. तो घेऊन प्रोग्रॅम चालवणारा जो असतो त्याला शेल म्हणतात. ताईंचा शेल खास तपासणीसाठी बनवलेला होता. एका फाइलीत लिहून ठेवायचं की हा हुकूम दिला की हे उत्तर आलं पाहिजे. असे शेकडो हुकूम तो पाठोपाठ चालवायचा, उत्तरं ओळ न् ओळ ताडून पाहायचा आणि फरक दिसला की ती ओळ लाल करायचा. त्यात एक सोयही होती. 'आलं तेच बरोबर धर' असा हुकूम दिला की तो जुनं उत्तर पुसून नवं लिहून घ्यायचा. आम्हा घाईच्या माणसांना ही सोय फार प्रिय. ताईंनी ती कधी वापरलेली मी पाहिली नाही.

त्या उत्तर आधी हातानं काढायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून बोटांच्या पेरांवर दिवस मोजायच्या, शंभर पानी वहीत पेन्सिलीनं लिहायच्या आणि मगच फाइलीत टाइप करायच्या. वीस उत्तरांत दुपार जायची. आम्ही चिडवायचो, "ताई, मग कॉम्प्युटर कशाला घेतलाय?"

"माजी गल्लत पकडायला," त्या म्हणायच्या.

मी मुलगी बघायला परभणीला निघालो होतो, त्या दिवशीही त्यांनी मला दारात गाठलं. "सर, कशी पायजे ते आधी सांगा. कागदावर लिवा. न्हाईतर चहा-पोहे झाल्यावर जी समोर हाय तीच पायजे होती म्हनताल." मी हसत हसत चार ओळी लिहिल्या. मुलीत त्यांतलं काहीच नव्हतं आणि मी तिच्याशीच लग्न केलं. ताई लग्नाला आल्या, बायकोला साडी दिली आणि माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवत राहिल्या. तो कागद त्यांनी बायकोला कधी दाखवला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

आमच्याकडे एक प्रोग्रॅम होता, ज्याच्यावर ताईंचा विशेष जीव होता. ज्या लहान मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांची यादी तो रोज सकाळी काढून द्यायचा. त्या यादीवरून रक्तपेढीतली माणसं घरोघरी फोन करायची, की आज रक्ताची सोय झालीय, पोराला घेऊन या. घरचे त्या फोनची वाट बघत बसायचे, कारण फोन नसताना आलं तर रक्त मिळेलच असं नसायचं. ताई ती यादी तपासताना मोठ्यानं वाचायच्या. "मुदखेड, दोन पोरं. धर्माबाद, तीन." त्या वेळी कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालायचं नाही.

एकदा ताई दोन दिवसांची रजा घेऊन लातूरला गेल्या. पोटात दुखतं म्हणून तपासण्या करायच्या होत्या. त्याच दोन दिवसांत मी त्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली. एकाच मोबाइलवर दोनदा फोन जाऊ नये म्हणून एका नंबरला एकच नाव राहील अशी. मला ती फार हुशारीची वाटली. ताईंचा शेल चालवला तर धर्माबादकडच्या एका तांड्याच्या ओळी लाल झाल्या. फाइलीत एका नंबरापुढं तीन नावं होती. आता एकच येत होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, तेच तर करायचं होतं. संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं. एंटरवर पंजा ठेवायला कुणी नव्हतं. 'आलं तेच बरोबर धर' म्हणालो. सगळं हिरवं झालं.

तांड्यावरच्या तीन घरांनी एकाच किराणा दुकानदाराचा नंबर दिला होता, कारण त्याच्याच फोनला नीट रेंज असायची. ताईंना हे माहीत होतं. म्हणूनच त्यांनी ती तीन नावं मुद्दाम लिहून ठेवली होती. मी विचारलंसुद्धा नाही.

ज्याचं नाव यादीत राहिलं होतं त्या घरचा पोरगा आला. दुसऱ्या घरचे कंटाळून आपणहून आले. तिसऱ्या घरची नऊ वर्षांची पोरगी फोनची वाट बघत राहिली. बारा दिवसांनी तिला आणलं तेव्हा ती चालू शकत नव्हती, श्वास लागत होता. ती वाचली. पण आठवडाभर वाचेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, तपासलं कोणी? रिपोर्ट आणायला पुन्हा लातूरला गेलेल्या ताई त्याच सकाळी परतल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "तपास माजा हाय. गल्लत माजी."

तोंड उघडायच्या आत, असं मी आजवर सांगत आलो. खरं तर मी तोंड उघडणारच नव्हतो. मला नोकरीची भीती वाटली. नवं लग्न होतं, बायकोला दिवस गेले होते, ही सगळी कारणं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितली. साहेबांनी ताईंना महिन्याभरात कामावरून कमी केलं. जाताना त्यांनी शेल कसा चालवायचा ते मला पुन्हा एकदा नीट समजावून दिलं. मी मान डोलावत होतो. शेवटचा बदल कोणाच्या नावानं झाला याची नोंद त्या शेलमध्ये राहते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ती पाहिली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षं गेली. मग कळलं की त्या लातूरच्या एका दवाखान्यात आहेत आणि दुखणं हाताबाहेर गेलंय. मी सकाळची बस धरली. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो.

त्या खूप वाळल्या होत्या. पण उशाला वही होती आणि मला पाहून उठून बसल्या. मी स्टूल ओढलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी बगितलं. तुमचं नाव होतं."

"मग बोलला का नाही, ताई?"

"तुमी बोलताल म्हनून थांबले." उशाची वही जवळ ओढत म्हणाल्या, "महिनाभर थांबले."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग अगदी सहज, कामातलं काही विचारावं तसं विचारलं, "ती पोरगी कशी हाय?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी माझा अपराध कुरवाळत बसलो होतो. त्या पोरीचं काय झालं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिचं नावसुद्धा मला आठवेना.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली. त्या पोरीच्या नावाखाली पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या होत्या; दर खेपेची, रक्त मिळालेल्या दिवसाची. प्रत्येक खेपेला त्या स्वतः फोन करून विचारत होत्या. आता बापानं स्वतःचा मोबाइल घेतला होता. तो नंबर त्यांनी मला लिहून घ्यायला लावला.

"म्होरची तारीख गुरवारची हाय," त्या म्हणाल्या. "मला बोलून दम लागून राह्यला. तुमी इचारा."

ताई मंगळवारी गेल्या. मुदखेडला माती झाली. मी गेलो होतो. ओळखीचं असं मला तिथं कुणी नव्हतं. तुम्हीही अशा माणसांच्या मयतीला कधी गेला असाल; आपण यांचे कोण लागतो हे तिथं कुणाला सांगता येत नाही.

शुक्रवारी ऑफिसातून मी तो नंबर लावला. बाप उचलेल, त्याला सांगावं लागेल, म्हणून घसा खाकरून तयार होतो. फोन त्या पोरीनंच उचलला. ताईंच्या ऑफिसातून बोलतोय म्हटल्यावर तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही.

"काका, माझं रक्त काल झालं," ती म्हणाली. "ताईला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.