वरची

आमच्या शेडमध्ये तिला सगळे ‘वरची’ म्हणायचे. पत्रे, पाइप, गर्डर उचलणारी क्रेन छताखालच्या रुळांवरून सरकायची आणि तिच्या काचेच्या केबिनमध्ये ही बसायची. सकाळी शिडी चढून गेली की जेवणाच्या सुट्टीलाच खाली. मी वेल्डिंगला होतो. मान वर केली की तिचं पिवळं हेल्मेट दिसायचं.

शाळेत ती ढ म्हणून गाजलेली. हे तिनेच मला सांगितलं होतं. मास्तर ओरडले की येत असलेलं उत्तरसुद्धा कुठे पळून जायचं कोण जाणे. शाळा अर्ध्यात सुटली, आणि कारखान्यात ती झाडलोटीला लागली. क्रेनवर बसली ती दादांमुळे. दादा म्हणजे आमचे सिग्नलवाले. क्रेन चालवणाऱ्याला वरून सगळं दिसत नाही, म्हणून खाली उभं राहून हातांनी खुणा करायच्या, हे त्यांचं काम. जुना ऑपरेटर सोडून गेला, नवा मिळेना, तेव्हा दादाच फोरमनला म्हणाले, "हिला बसवून बघा. नजर पक्की आहे."

फोरमन हसला. "हिला? हिला पंख्याचं बटण दाबायला सांगितलं तरी घाम फुटतो."

"तुम्ही सांगता म्हणून फुटतो," दादा म्हणाले.

दादांनी शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. रिकामा हूक खांबाला आपटला तरी खालून नुसता पंजा हलवायचे, असू दे, पुन्हा. ती पुन्हा करायची. ज्या बाईला शाळेत पाढे येत नव्हते, तिचा हात त्या लिव्हरवर असा बसला की पाण्याने भरलेलं पिंप उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची आणि जमिनीवर थेंब पडायचा नाही. फोरमनही मग गप्प बसला.

अशी काही वर्षं चांगली गेली.

त्या दिवशी पत्र्यांचा गठ्ठा चालला होता, जाड नायलॉनचा पट्टा घालून. हवेत असतानाच पट्टा तुटला. मी आवाज ऐकला, पाहिलं काही नाही. माझ्या तोंडावर वेल्डिंगची काच होती. ती वर केली तेव्हा दादांचा फक्त एक बूट दिसत होता.

सगळे तिकडे धावले. बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी लक्षात आलं की वरून कोणी उतरलेलंच नाही. मी शिडी चढून गेलो. ती होती तशी बसलेली, डोळे उघडे, लिव्हर मुठीत. हाक मारली, ओ नाही. शेवटी मला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. बोटं गार पडली होती.

चौकशी झाली. पट्ट्याची कड झिजलेली होती, शिवण उसवलेली होती, तो कधीच फेकून द्यायला हवा होता. चालवणाऱ्याची चूक नाही, असं स्पष्ट लेखी आलं. पट्टे बघून बाद करणं फोरमनकडे होतं. त्याला समज मिळाली आणि प्रकरण मिटलं.

तिचं मिटलं नाही. रजा संपवून आली, हेल्मेट घातलं, शिडी चढायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. वर जाईना, खाली येईना. खालून फोरमन ओरडत होता, "अगं, चढ की! काम खोळंबलंय." तो जितका ओरडे तितकी ती शिडीला घट्ट चिकटत गेली. मीच मागून चढून तिचा पाय एकेक पायरी खाली ठेवत तिला उतरवलं. उतरल्यावर म्हणाली, "पाठीत उसण भरली." पुढे कितीतरी दिवस ती सगळ्यांना पाठीचंच सांगत राहिली.

तेवढ्यात कंपनीने केबिनच काढून टाकली. नवी पद्धत आली. गळ्यात पट्ट्याने रिमोट अडकवायचा, जमिनीवरून चालत क्रेन चालवायची. आम्हाला वाटलं, चला, हिच्यासाठीच आलं हे. शिडीची भानगडच नाही. शिकवायला एक तरुण बाई आली होती, शांत, हसतमुख. वरची दोन दिवसांत सगळी बटणं शिकली. रिकामा हूक तिने सांगाल तिथे नेऊन थांबवला. ती शिकवणारी बाई म्हणाली, "मावशी, तुम्ही तर माझ्यापेक्षा सफाईने चालवता." कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा जरा मोकळा दिसला.

मग हुकाला माल लावला. पाइपांची एक मोळी, फार मोठीही नाही. तिने ती उचलली आणि डोक्याच्या वर गेल्यावर थांबवली. थांबवली ती थांबवलीच. मोळी हवेत, शेडमधली सगळी माणसं भिंतीला पाठ लावून, आणि ही रिमोट छातीशी धरून ढिम्म उभी.

"खाली घे," फोरमन म्हणाला. मग ओरडला, "अगं बाई, खाली घे ना!"

"खाली कोणीतरी आहे," ती म्हणाली.

खाली कोणी नव्हतं. नुसती जमीन होती. शेवटी शिकवणाऱ्या बाईने हळूच तिच्या गळ्यातून रिमोट काढून घेतला.

त्यानंतर लोक बोलायला लागले. नाटक करते, म्हणे. बसून पगार हवाय. सगळ्यात जास्त फोरमन बोलायचा, आणि त्याचा मला राग यायचा. पण एकदा चहाच्या टपरीवर तो कपाकडे बघत म्हणाला, "ती परत चालवायला लागली असती ना, तर मला झोप लागली असती." मग कप अर्धा टाकून निघून गेला.

तिला स्टोअरला टाकलं. हेल्मेट, हातमोजे, साखळ्या आणि तेच पट्टे द्यायचे-घ्यायचे. हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पट्टा मागितला की ती तो टेबलावर पसरायची, बोटाने इंच न् इंच चाचपायची, उलटा करून पुन्हा चाचपायची. बाहेर माणसं ताटकळत. कोरा करकरीत पट्टा असला तरी म्हणायची, "हा नको. दुसरा बघते."

दर रविवारी ती दादांच्या घरी जायची. वहिनी, म्हणजे दादांची बायको, चहा करायच्या. ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची, काही बोलायची नाही, निघताना पाया पडायची. एका रविवारी वहिनींनी तिला दारातच थांबवलं. "तुझं काही चुकलं नाही, बाई. मी चारचौघांत सांगते. पण तू दारात दिसलीस की मला तो निरोप घेऊन आलेली माणसं दिसतात. पोरं दोन दिवस जेवत नाहीत. नको येत जाऊस."

"बरं," ती म्हणाली आणि वळली. हे मला वहिनींनीच सांगितलं, रडत रडत.

सोमवारी आम्ही पट्टे घ्यायला गेलो तर स्टोअरचं दार आतून लावलेलं. धक्के मारून ते उघडलं. ती जमिनीवर बसून पत्रा कापायच्या कात्रीने पट्टे कापत होती. जुने, नवे, वेष्टनातले, झाडून सगळे. हाताला फोड येऊन फुटले होते. फोरमन आला, दारात उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता आभाळ फाटणार. त्याने खाली वाकून कापलेला एक तुकडा उचलला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता नाही तुटायचे."

तिला घरी पाठवलं. पुन्हा बोलावलं नाही.

तिचा नवरा शिंपी. बोलायला कमी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं अरुंद दुकान आहे, आत मशीन दोन, एकावर कायम कापड झाकलेलं. त्यानेच तिला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी ती भांडली. "मी वेडी आहे का?" तो म्हणाला, "मी कुठं म्हटलं? मला एकट्याला जायला भीती वाटते, तू सोबत चल." अशी गेली.

तिथे ती महिनाभर पाठीबद्दलच बोलली. मग एक दिवस खरं बोलली. हे तिने नंतर मला सांगितलं, मी पँटची घडी सोडवून घ्यायला दुकानात गेलो होतो तेव्हा. सुई खाली ठेवून, माझ्याकडे न बघता.

"भाऊ, मी हसत होते. दादांनी खालून फोरमनच्या चालीची नक्कल केली. पोट पुढं काढून दोन पावलं चालले. त्यासाठीच ते पुढं आले. मला हसू आवरेना. आणि तेवढ्यात."

मी म्हणालो, "पट्टा तसाही तुटणारच होता."

"तुटणार होता. पण ते तिथं नसते. मला हसवायला आले ते."

तिने सुई उचलली आणि पुन्हा टाके घालायला लागली.

नवऱ्याने तिला झाकलेल्या मशीनवर बसवलं आहे. तो तिच्याकडे पाठ करून आपलं काम करतो आणि मान न वळवता म्हणतो, "चुकलं तर उसव, घाई नाही." तो बघत नसला की तिची शिलाई सरळ येते. गिऱ्हाईक काउंटरशी येऊन उभं राहिलं की पाय थांबतो. उशांचे अभ्रे, पिशव्या एवढं ती आता शिवते. माणसाच्या अंगावर घालायचं काही शिवत नाही. उसवलं तर, म्हणते.

मधे त्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली. नव्या डॉक्टरांनी पहिल्यापासून सगळं सांगायला सांगितलं, तशी ती उठून आली आणि पुढे गेलीच नाही. रात्री उठून बसते, मुठी आवळलेल्या असतात, असं नवरा म्हणतो. शेडमध्ये आता रिमोटवर दोन नवी माणसं आहेत. फोरमनने स्वतःहून दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली. पट्टे आता दर महिन्याला बदलतात.

परवा मी दुकानावरून चाललो होतो. शटर अर्धं खाली होतं. नवरा एकटाच इस्त्री करत होता. "घेऊन गेलो होतो सकाळी दवाखान्यात," तो म्हणाला. "बाकावर बसली. नंबर आला तर म्हणाली, आज नको."

"मग?"

"मग काय, आणली परत. घरी पडलीय." त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "गुरुवारी पुन्हा नेतो."